मतदान कार्डावर भूतान

आईकडे पासपोर्ट नाही. कधी काढला नाही, कारण कधी लागलाच नाही. तिला परदेश दाखवायचा असं मनात आलं तेव्हा माझ्यासमोर दोनच नावं होती, नेपाळ आणि भूतान. पशुपतिनाथ तिने भजनी मंडळाबरोबर पाहिलेलं. राहिलं भूतान.

भूतानला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. मात्र परमिट लागतं, आणि ते पासपोर्टवर किंवा मतदान कार्डावरच मिळतं. पासपोर्ट असेल तर तो निदान सहा महिने वैध हवा. आधार चालत नाही. सिमकार्डापासून रेशनपर्यंत सगळीकडे आपण आधार पुढे करतो, त्यामुळे हे पटकन डोक्यात शिरत नाही. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब फक्त आधार घेऊन सीमेपर्यंत गेलं आणि परत आलं. म्हणून तिकिटं काढायच्या आधी मी निफाडला फोन केला. "आई, तुझं मतदान कार्ड सापडतंय का बघ." ती म्हणाली, "सापडायचं काय त्यात? रेशन कार्डाच्या पिशवीतच आहे." एकाही निवडणुकीत मत चुकवलेलं नाही तिने.

अडलं ते लेकीपाशी. ती नऊ वर्षांची, पासपोर्ट तिचाही नव्हता. अठरा वर्षांखालच्या मुलांना जन्मदाखला चालतो. तो काढून पाहिला तर बाळाच्या नावाचा रकाना कोरा! जन्माची नोंद दवाखान्यातून झाली, बारसं नंतर झालं, आणि नाव घालायचं राहूनच गेलं. शाळेच्या प्रवेशाला कसं चालून गेलं कोण जाणे. मग अर्ज, शाळेचा दाखला, आमची दोघांची ओळखपत्रं, दोन हेलपाटे. पहिल्या खेपेला 'साहेब रजेवर आहेत' ऐकून मी परत आले. नाव चढलेला दाखला हातात पडला तेव्हा निघायला अकरा दिवस उरले होते. घरात लहान मूल असेल तर आज संध्याकाळीच त्याचा दाखला काढून नावाचा रकाना बघा, भूतानला जा किंवा नका जाऊ.

परमिटचा अर्ज आम्ही आधीच ऑनलाइन भरला. सोबत शाश्वत विकास शुल्क, त्याला तिथे एसडीएफ म्हणतात. भारतीयांना माणशी रात्रीचे १२०० रुपये, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, सहाच्या आतल्यांना माफ. आम्ही तीन मोठी माणसं आणि लेक, म्हणजे रात्रीचे ४२०० आणि पाच रात्रींचे २१,०००. हॉटेल, गाडी, गाईड वेगळे. नवऱ्याला आकडा खुपला, मलाही थोडा खुपला. पण हा पैसा तिथली जंगलं, शाळा आणि दवाखाने यांच्याकडे जातो. देशाची निदान साठ टक्के जमीन जंगलाखाली राहिली पाहिजे, असं त्यांनी राज्यघटनेतच लिहून ठेवलंय. तिथून आल्यावर मी हे पैसे जास्त म्हणणार नाही.

उत्तर बंगालातल्या बागडोग्र्याला विमानाने उतरून चहाच्या मळ्यांमधून चार-साडेचार तासांनी सीमेवरच्या जयगावला पोहोचलो. रात्र तिथेच काढली. जयगाव म्हणजे रिक्षा, हॉर्न, दुकानाबाहेर आलेला माल. पलीकडचं, भूतानमधलं फुंटशोलिंग त्याच रस्त्यावर, मधे फक्त एक रंगीत कमान. कमान ओलांडली आणि हॉर्न थांबले. लेकीने विचारलं, "आजी, एवढं शांत का झालं?"

इमिग्रेशनच्या खिडकीत घो, म्हणजे तिथल्या पुरुषांचा पारंपरिक झगा, घातलेला तरुण अधिकारी होता. त्याने आईचं कार्ड हातात घेतलं. जुनं, कृष्णधवल फोटोचं, लॅमिनेशनचा एक कोपरा सुटलेलं. फोटोतली आई चाळिशीची, समोरची अडुसष्टची. तो एकदा फोटोकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. मी जीव मुठीत धरून उभी. मग त्याने कॅमेऱ्यात बघायला सांगितलं आणि बोटांचे ठसे मागितले. आईचे ठसे उमटेनात. शेतात, चुलीपुढे, भांड्यांत झिजलेली बोटं ती. रेशन दुकानातही हाच त्रास, त्यामुळे ती लगेच ओशाळली आणि पदराला बोटं पुसायला लागली. तो खुर्चीतून उठला, यंत्राची काच पुसली आणि हिंदीत म्हणाला, "माताजी, आराम से." चौथ्या खेपेला ठसा उमटला. घाई नाही, आवाज चढवणं नाही. सरकारी खिडकीशी माझ्या आईशी कुणी इतक्या अदबीने बोललेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पुढे रिंचेंडिंगच्या नाक्यावर कागद पुन्हा तपासले, आणि घाट सुरू झाला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. चलन न्गुल्ट्रम, रुपयाच्या बरोबरीचं, आणि आपल्या नोटाही चालतात. थिंफू आणि पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाईड घ्यावाच लागतो, आणि आम्हाला पुनाखाला जायचं होतं.

त्या वाटेवर दोचुला खिंड लागते, सुमारे ३१०० मीटर उंच. तिथे १०८ छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, आहेत, पांढरे, लाल पट्ट्याचे. २००३ मध्ये दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकून बसलेल्या, आसामातल्या सशस्त्र गटांविरुद्ध भूतानच्या सैन्याने कारवाई केली. त्यात कामी आलेल्या सैनिकांची ही आठवण. गाईडने हे सांगितल्यावर आई काही बोलली नाही. धुकं होतं, गार वारा होता. तिने शाल कानांवरून घेतली आणि छोर्तेन उजव्या हाताला ठेवून फिरायला लागली. प्रदक्षिणा कशी घालायची हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

परतताना फुंटशोलिंगला बाहेर पडल्याची नोंद झाली. परमिटचा छापील कागद आता आपल्याकडेच राहणार ना, हे आईने माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. मग त्याची नीट चौघडी घातली आणि मतदान कार्डाच्या मागे, रेशन कार्डाच्या त्याच पिशवीत ठेवली. जयगावला फोनला रेंज आल्या आल्या तिने मावशीला फोन लावला. "अगं, ज्या कार्डावर आपण मत देतो ना, त्याच कार्डावर जाऊन आले मी."