आमची वाटचाल: राख, सिमेंट आणि पहाटेचे दव

चंद्रपुरात आम्ही सुरुवात केली ती साध्या विद्युत कंत्राटदारीने. पॅनेल बसवणे, केबल टाकणे, ट्रान्सफॉर्मरचे तेल गाळणे. इन्सुलेटरच्या, म्हणजे उच्चदाबाच्या तारा धरून ठेवणाऱ्या पण वीज पुढे जाऊ न देणाऱ्या चिनी मातीच्या आधारांच्या, सफाईकडे आम्हाला वळवले ते गडचांदूर पट्ट्यातल्या एका सिमेंट कारखान्याने. हिवाळ्यात त्यांचे १३२ केव्हीचे यार्ड, म्हणजे उघड्यावरचे उपकेंद्र, नेमके पहाटे ट्रिप व्हायचे, म्हणजे आपोआप बंद पडायचे, आणि ऊन वर आले की सगळे सुरळीत. रिले (दोष ओळखून पुरवठा तोडायला लावणारी उपकरणे) तपासून झाले, अर्थिंग झाले, कुठेच दोष सापडेना.

शेवटी रात्रभर यार्डात थांबलो. चारच्या सुमारास दव उतरले आणि इन्सुलेटरच्या छत्र्यांवर, म्हणजे त्याच्या चिनी मातीच्या गोल पसरट कडांवर, निळसर ठिणग्या सरकू लागल्या, कढईत फोडणी तडतडावी तसा आवाज. कोरडी धूळ वीज वाहून नेत नाही. ओलाव्याने तिच्यातले क्षार विरघळले की थरातून गळतीचा प्रवाह सुरू होतो. त्याच्या उष्णतेने मध्येच एखादा पट्टा सुकतो, सगळा विद्युतदाब त्या चिंचोळ्या पट्ट्यावर येतो आणि तिथे ठिणगी पडते. ठिणग्या एकमेकींना जोडत गेल्या की फ्लॅशओव्हर, म्हणजे पूर्ण इन्सुलेटर ओलांडून वीज जमिनीकडे झेपावते आणि यार्ड ट्रिप होते. जुलैच्या धो धो पावसात छत्र्या धुऊन निघतात, म्हणून खरा घात दव, धुके आणि रिमझिम करतात.

सिमेंटची धूळ दवाने घट्ट बसते. पाण्याचा फवारा मारून ती हलत नाही. शटडाउनचे परमिट घ्यायचे, दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावायचे आणि एकेक छत्री वरून-खालून हाताने घासायची. तारेचा ब्रश आमच्याकडे पूर्ण बंद आहे, कारण चकाकीवर ओरखडे उठले की धूळ तिथेच धरते. आम्लही नाही, ते इन्सुलेटरच्या धातूच्या टोपीवरचे जस्त खाते. चालू लाइनवर पाणी मारायचे काम आम्ही घेत नाही. त्याला अतिशय कमी वाहकतेचे पाणी, वेगळी यंत्रणा आणि वेगळे प्रशिक्षण लागते. पैशासाठी पोरांचा जीव पणाला लावणार नाही.

पुढे रत्नागिरीकडची कामे मिळाली. तिथे मीठ. पाण्याने लगेच निघते, पण खारा वारा ते पुन्हा आणून बसवतो. अशा ठिकाणी सिलिकॉनचा आरटीव्ही लेप, म्हणजे साध्या तापमानालाच घट्ट होणारा रबरी लेप, उपयोगी पडतो. त्यावर पाण्याचा सलग थर न होता थेंब होतात, आणि लेपातले सिलिकॉन वर बसलेल्या धुळीतही झिरपून तिलाही पाणी धरू देत नाही. मात्र लेपाआधीची सफाई कसून व्हायला हवी. मळक्या पृष्ठभागावर दिलेला लेप सोलून निघतो.

आता आम्ही नमुना घेतल्याशिवाय दर देत नाही. ठरावीक क्षेत्र पुसून तो मळ मोजलेल्या डिस्टिल्ड पाण्यात घ्यायचा, वाहकता आणि तापमान पाहायचे, त्यावरून दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मिठाइतका क्षार आहे ते काढायचे. न विरघळणारा भाग गाळून वेगळा तोलायचा. मग यार्डाचे क्रीपेज पाहायचे, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. बरीच जुनी यार्डे केव्हीमागे २५ मिलिमीटर क्रीपेजची, म्हणजे १४५ केव्हीच्या उपकरणाला (१३२ केव्ही यार्डातला कमाल दाब) ३६२५ मिलिमीटर. अतिप्रदूषित जागेसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या त्याच जुन्या वर्गवारीत ३१ धरतात, म्हणजे ४४९५. यार्ड उभारल्यानंतर शेजारी कारखाना आला असेल तर नुसत्या सफाईने भागत नाही, हे आम्ही ग्राहकाला आकड्यांनिशी दाखवतो. त्यात आमचे सफाईचे काम गेले तरी चालेल.

नमुने दसऱ्याआधी घेतो आणि थंडी पडायच्या आत सफाई उरकतो. पूर्ण शटडाउन मिळत नसेल तर एकेक फीडर, म्हणजे यार्डातून निघणारी एकेक लाइन, आळीपाळीने घेतो.