काठी बदलून बघ

"अरे, हळू वाजवू नकोस. काठी बदलून बघ."

आज वाशीत, सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम चालू असताना ताशा वाजवणारे आमचे एक काका ड्रमवरच्या मुलाला म्हणाले. बाकी सगळे त्याला आवाज कमी कर म्हणून सांगत होतो. तो हात आखडून वाजवत होता आणि ठेका पार मरगळला होता.

त्याने पिशवीतून रॉड्स काढले. बारीक लाकडी काड्यांची बांधलेली जुडी. हात मोकळा सुटला, ठेक्यात जीव आला, आणि गाणारीचा शब्द न् शब्द ऐकू यायला लागला!

संथ गाण्याला त्याने ब्रश घेतले. तारांचे पंखे स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या चपट्या ड्रमच्या) पुडीवर, म्हणजे वरच्या पडद्यावर, गोल गोल फिरवत राहिला. मारणं नाहीच, घासणं. (पुडी खरखरीत, कोटिंगवालीच हवी. गुळगुळीत पुडीवर तो आवाज उमटत नाही.) किती सुंदर सळसळ होती ती! टोकाला फेल्टचा गोळा असलेल्या काठीने, म्हणजे मॅलेटने, सिंबलचा (धातूच्या थाळीचा) आवाज असाच हळूहळू फुलवता येतो, तेही एकदा ऐकायचंय.

काकांना हे सुचणं साहजिक होतं. ढोलाला एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप, ताशाला बारीक काड्या, तबल्याला बोटं. कशाने वाजवायचं याचा आपल्याकडे केवढा बारकाईने विचार झालाय. मग ड्रम शिकणाऱ्या मुलांच्या हाती वर्षानुवर्षं काठ्यांची एकच जोडी का राहते?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ब्रशवर मन लावून शिकवणारं कुणी माहीत आहे का? या मुलाला पाठवायचंय.