ड्रेन बोल्ट, जास्तीचे ऑइल आणि उद्यमनगर

रविवार, रात्र

आज दुपारी मोटारसायकलचे ऑइल बदलले आणि काहीही बिघडले नाही. ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, हे आमच्या घरात सर्वांना मान्य व्हावे. रॉकेलने हात धुताना मागच्या काही वर्षांतले आपले एकेक प्रताप आठवत गेले आणि लक्षात आले की त्यांतले बहुतेक अवघड कामात झालेलेच नाहीत. इंजिनाचे जे काम कठीण वाटले, त्यासाठी मी पुस्तिका उघडली, चार जणांना विचारले, रात्री बसून व्हिडिओ पाहिले. फजिती झाली ती बोल्ट कोणत्या दिशेने फिरवायचा, गाडी कोणत्या स्टँडवर उभी करायची, अशा बाबतींत, ज्या विचारायचीही पन्नाशीच्या माणसाला लाज वाटते.

ड्रेन बोल्टचे प्रकरण सर्वांत लाजिरवाणे. जुने ऑइल सोडण्यासाठी इंजिनाच्या पोटाखाली असलेल्या या बोल्टचे डोके जमिनीकडे असते. घड्याळाच्या दिशेने घट्ट आणि उलट दिशेने सैल हा नियम आपण बोल्टच्या डोक्यासमोर असतो तेव्हाचा आहे. वरून पाहणाऱ्याला तो उलटा लागू होतो. हे मला शाळेपासून ठाऊक होते. पण पार्किंगमध्ये उकिडवे बसून, वरून डोकावत, इंजिनाखाली हात घालून पाना लावला तेव्हा माझ्या मनगटाने वरून दिसणारीच दिशा धरली. बोल्ट हलेना. मागच्या वेळी कोणी तरी भलताच आवळला असणार, असा निष्कर्ष काढून मी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि सगळा भार टाकला. कुरकुरत बोल्ट फिरला. शेजारी बॅटरी धरून बसलेल्या मुलाला मी अभिमानाने म्हणालो, ‘‘बघ, सुटला!’’ त्यानंतर तो फिरतच राहिला, खाली मात्र येईना. आणि त्याच्या कडेने काळ्या ऑइलची धार लागली तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही आवळत होता का?’’

हिशेब मी नंतर केला. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत या बोल्टसाठी २४ न्यूटन-मीटर इतका पीळ, म्हणजे टॉर्क, सांगितला आहे. पंधरा सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर लावला की तेवढा भरतो, म्हणजे एका हाताचे काम आहे. अर्ध्या मीटरच्या पाइपला मी वीस किलोचा जोर लावला असेन असे धरले, तरी तो शंभर न्यूटन-मीटरच्या घरात जातो. बोल्ट पोलादी, केसिंग म्हणजे इंजिनाचे कवच अॅल्युमिनियमचे. या दोघांच्या भांडणात आटे नेहमी केसिंगचे जातात. आणि अॅल्युमिनियम आधी सूचना देत नाही. लोखंडी बोल्ट तुटण्यापूर्वी हाताला थोडा ताणल्यासारखा जाणवतो, येथे मात्र घट्ट होत आलेला बोल्ट एकदम मऊ लागतो आणि तोपर्यंत सगळे संपलेले असते.

मेकॅनिकने बोल्ट बोटानेच फिरवून पाहिला, पान्यावर उमटलेले पाइपचे ओरखडे पाहिले आणि विचारले, ‘‘सोडवाय गेलासा आनि आवळलासा, व्हय साहेब?’’ मी काहीच सांगितले नव्हते. त्यांच्या गॅरेजात चहा पीत बसलेल्या दोघा अनोळखी गिऱ्हाइकांनीही मान डोलावली, ते जास्त लागले.

कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा असा की अशा पापांचे क्षालन शिवाजी उद्यमनगरात होते. इंजिनाचे सुटे भाग ओतण्यात आणि लेथवर कातण्यात ज्या वस्तीच्या पिढ्या गेल्या, तिला एका भोकाचे काय नवल! तेथल्या कारागिराने गेलेले आटे ड्रिलने काढून भोक थोडे मोठे केले, टॅप या आटे पाडायच्या हत्याराला भरपूर ग्रीस फासून नवे आटे पाडले आणि त्यांत स्प्रिंगसारखी पोलादी तारेची गुंडाळी बसवली. ग्रीस कशासाठी, असे मी विचारले. धातूचा चुरा त्याला चिकटून बाहेर येतो आणि इंजिनात पडत नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी थोडे स्वस्त ऑइल वरून ओतून खाली सोडून दिले, म्हणजे राहिलेला चुराही वाहून जावा. आता बोल्ट पोलादी आट्यांत बसतो आणि ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ आहे. म्हणजे गाडीचा तो एक भाग माझ्या चुकीमुळे सुधारला, असे मी घरी सांगून पाहिले. कोणी दाद दिली नाही.

दुसरी गोष्ट ऑइलच्या मापाची. माझ्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, इंजिनाच्या उजव्या बाजूला आहे. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती असताना आतले ऑइलही डावीकडे जाते आणि डिपस्टिकवर पातळी खोटी कमी दिसते. पुस्तिकेत ९०० मिलिलिटर असे स्पष्ट छापलेले असताना मी छापील आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि बाटलीतले उरलेले ऑइल तर ओतलेच, शिवाय आधीच्या वेळी शिल्लक ठेवलेलेही ओतले. जास्त झालेले ऑइल क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, घुसळून काढतो, त्याचा फेस आणि तुषार इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातात, तेथून पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर ते हवेबरोबर ओढून घेतो आणि मग ते पेट्रोलसोबत जळू लागते. सकाळी किक मारली आणि पार्किंगमध्ये निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला. तळमजल्यावरच्या काकूंनी डासांसाठी महापालिकेची धुराची गाडी आली असे समजून भराभर खिडक्या लावून घेतल्या आणि वर हाक मारून इतरांनाही सावध केले. त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही.

चारचाकीसाठी आणलेले ऑइल दुचाकीत ओतण्याचा उद्योग याच काळातला. ऑइल ते ऑइल, शिवाय महागाचे, म्हणजे चांगलेच असणार, हा माझा तर्क. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात; ती त्या क्लचच्या मुळावर येतात. मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ ही जपानी मानकाची खूण असते ती त्यासाठीच. गाडी शाहूवाडीच्या चढाला लागली, इंजिन ओरडू लागले आणि वेग मात्र वाढेना, तेव्हा ही माहिती मला मिळाली.

टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातले बारीक अंतर लावण्याचे काम मात्र खरोखर अवघड होते आणि तेथे मी तयारीनिशी गेलो होतो, म्हणूनच ती चूक मला आजही थोडी सन्मान्य वाटते. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवली की पिस्टन सर्वांत वर आलेला असतो, हे बरोबर. पण फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो, त्यामुळे ती खूण एका चक्रात दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना. आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असताना. मी दुसरी वेळ पकडली. रॉकर हाताने हलवून पाहिला असता तर तो ताठ आहे हे तत्काळ कळले असते, कारण योग्य जागी दोन्ही रॉकर किंचित खुळखुळतात. त्याऐवजी मी फिलर गेजची, म्हणजे अंतर मोजायची पातळ पाती घालून, श्वास रोखून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची काळजी घेत चुकीच्या जागी अचूक अंतर लावले. कॅमच्या चढावर असताना लावलेले ते अंतर व्हॉल्व्ह मिटल्यावर कितीतरी मोठे झाले. इंजिन सुरू झाले, पण जुन्या शिलाई मशीनसारखे टकटकत, आणि गाडीत जीव उरला नव्हता.

त्या आवाजासह मी गॅरेजात शिरलो. मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली आडवे झाले होते. बाहेर न येताच त्यांनी विचारले, ‘‘टॅपेट कुनी लावली?’’

एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा हे धुराचे नवे निकष लागू झाल्यापासून नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला आणि इंधन इंजेक्शन आले. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलचे बारीक भोक असलेला तुकडा, काढून फुंकर मारण्याची सोय त्यामुळे संपली, याचे काही जण दुःख करतात. मला तसे वाटत नाही. ड्रेन बोल्ट, डिपस्टिक, वायसर आणि टॅपेट त्या गाड्यांतही आहेतच, तेव्हा हौशी माणसाची गैरसोय झालेली नाही.

आज बोल्टला नवा वायसर घातला, आधी बोटांनीच आटे धरवले, मग टॉर्क पाना लावून त्याचा ‘टक्’ ऐकताच थांबलो. डबल स्टँडवर गाडी उभी करून ऑइल मोजून ओतले. संध्याकाळी गॅरेजवरून जाताना हे सगळे मेकॅनिकना सांगितले, कौतुकाची थोडी अपेक्षा होतीच. त्यांनी कान देऊन इंजिन ऐकले, खाली वाकून बोल्टभोवती बोट फिरवले, बोट कोरडे निघाल्याचे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ऑइल, प्लग, एअर फिल्टर खुशाल घरी करा साहेब. वरचं झाकन उघडनार असाल तर तेवढं आदल्या दिशी सांगा, म्हंजे रविवारी गाळा उघडा ठिवतो.’’