डग्गा नेमका कुठे घुमतोय? खोलीच्या मापांची तिसरी नोंद

नवा ॲम्प तूर्त लांबणीवर टाकलाय. दुकानदाराने दोन मिनिटांत निदान केलं होतं, "तुमच्या ॲम्पला दम नाही, म्हणून बेस सैल येतोय." मलाही ते पटलं होतं. विलंबित ख्यालात डग्ग्याची मींड खाली उतरली की मधलाच एक सूर फुगायचा, वर कुठेतरी हलकी करकर. ॲम्पच फाटतोय, दुसरं काय!

मग मित्राचा यूमिक-१ हा मोजमापाचा माइक आठवडाभरासाठी आणला. त्याच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) उतरवून आरईडब्ल्यू या ध्वनी मोजायच्या प्रोग्रॅममध्ये घातली (ही पायरी गाळू नका), माइक कानाच्या उंचीवर, पंखा बंद. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजला. बेस बघताना स्मूदिंग, म्हणजे आलेखाची रेघ गुळगुळीत करणं, अगदी कमी ठेवा. जास्त लावलं की आलेख देखणा होतो, पण कळत काहीच नाही.

पहिल्याच स्वीपला, म्हणजे खालून वर सरकत जाणाऱ्या चाचणीच्या सुराला, करकर सापडली. साधारण ५५ हर्ट्झला स्लायडिंग खिडकीची काच चौकटीत थरथरत होती. बोटाने दाबली, बंद. सोडली, सुरू. खाचेत रबराची पट्टी सरकवली, खर्च चाळीस रुपये. ॲम्पला मी सहा महिने उगाच बोल लावत होतो.

फुगणारा सूर मात्र खोलीचाच. लांबी १४ फूट, म्हणजे ४.२७ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४० हर्ट्झ, हा पहिला मोड, म्हणजे खोली स्वतःच ज्यावर घुमते तो सूर. दुसरा ८० वर. आलेखात बरोबर तिथेच ११ डेसिबलचा सुळका! सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि मोडचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त, म्हणजे मी त्या सुळक्याच्या टोकावरच बसत होतो. भिंतीपासून पाव लांबीवर, १०७ सेंटिमीटरला, दुसऱ्या मोडचा दाब जवळपास शून्य होतो. तिथे बसून पाहिलं तर डग्गा पार पोचट. टेप घेऊन सोफा मागेपुढे करत शेवटी कान भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर आले. सुळका साडेपाचवर उतरला. उरलेल्यासाठी इक्वलायझर एपीओ या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये ८० ला अरुंद फिल्टर, चार डेसिबल कमी.

एक गाढवपणाही नोंदवतो. १२० च्या आसपास खोल खड्डा होता, तो फिल्टरने भरायला गेलो. सहा डेसिबल वाढवले, ॲम्प तापला, खड्डा जागच्या जागी. समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट आवाजाला खोडत असेल तर दोन्ही सारखेच वाढणार, मग भरणार काय? वूफर भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर होता, म्हणजे ध्वनीच्या वेगाला त्या अंतराच्या चौपटीने भागलं की १२२ हर्ट्झ. स्पीकर ४५ वर ढकलले, खड्डा १९० कडे सरकला. तिथे जाड पॅनेल थोडंफार तरी काम करेल.

आजीची गोधडी उजव्या भिंतीवर टांगून पाहिली. भिंतीवर आरसा सरकवत गेलो. बसल्या जागेवरून जिथे स्पीकर दिसला तीच जागा. टाळीचा टणटणाट गेला, गायकाचा आवाज मधोमध बसला. बेसचा आलेख? जसाच्या तसा. ८० हर्ट्झची पाव तरंगलांबीच मीटरभराची, तिथे गोधडी काय करणार.

आता घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) दोन-दोन इंची स्लॅब जोडून चार इंची पॅनेल करतोय, वर मांजरपाट. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. सुताराने फ्रेम रविवारी देतो म्हटलंय. सोफ्यामागच्या मोकळ्या पट्टीत मात्र मुलाने सायकल लावलीय, तेव्हा पुढचं माप सायकलीसकट.