लिस्बनमधील सदनिका आणि फोंड्यातील सावधपणा

गेल्या चवथीला आरती आटोपून आम्ही पानावर बसत होतो, तेवढ्यात भावोजींच्या फोनवर लिस्बनहून एका दलालाचा संदेश आला. लिस्बनलगतच्या ओडिव्हेलसमध्ये दोन खोल्यांची सदनिका आहे, दुसरेही ग्राहक रांगेत आहेत, दोन दिवसांत ५,००० युरो पाठवल्यास ती तुमच्यासाठी राखून ठेवतो, असा त्याचा मजकूर होता. भाचा तिकडे नोकरीला आहे आणि निवृत्तीनंतर वर्षातील काही महिने त्याच्याजवळ काढावेत अशी ताईची फार इच्छा आहे. मी बरीच वर्षे वकिलांच्या कचेरीत दस्तांचे मसुदे करण्यात घालवली असल्यामुळे भावोजींनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "रक्कम मोठी नाही, पाठवून टाकावी असे वाटते."

याच भावोजींनी गोव्यात फोंड्याजवळच्या कुर्टीला घरासाठी भूखंड घेतला तेव्हा आठ महिने मालकाला एक पैसाही दिला नव्हता. एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबाराच म्हणा), सर्व्हेचा नकाशा, रूपांतरणाची सनद, बोजा नसल्याचा दाखला, जमिनीवर कोणी कूळ वा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का याची चौकशी, हे सारे त्यांनी स्वतः फिरून केले होते. खोट्या कागदांवर जमिनी विकल्या गेल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, त्यामुळे गोव्यात असा संशयीपणा कोणाला शिकवावा लागत नाही. परदेशाचे नाव निघाले की मात्र 'तिकडे सगळे कायद्यानेच चालते' अशी समजूत करून घेऊन तोच माणूस दोन दिवसांत पैसे पाठवायला तयार होतो. कायदा तिकडे चोख आहे हे खरे. पण चोख कायदा सही करणाऱ्यालाही चोखपणेच बांधतो.

मी आधी दलालाचा परवाना क्रमांक मागवला. पोर्तुगालमध्ये घरांची दलाली करण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक पडताळून पाहता येतो. त्यानंतर, दलालाने सुचवलेला वकील न घेता, तिथल्या वकील संघटनेच्या नोंदवहीत नाव असलेला स्वतंत्र वकील भाच्याने शोधला. दलालाचे मानधन विकणारा देतो, मग त्याच्या ओळखीचा वकील आपली बाजू कितपत लढवणार, हे फोंड्याच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कागद आले तेव्हा मला गंमत वाटली. आपल्याकडील जुन्या विक्रीखतांत 'देस्क्रिसांव' आणि 'मात्रिझ' असे दोन वेगवेगळे क्रमांक असतात. पहिला जमीन नोंदणीचा, दुसरा महसुलाचा. पोर्तुगालमध्ये ही जोडी आजही जिवंत आहे. नोंदणी कार्यालयाच्या 'सेर्तिदांव पेर्मानेन्त' या दाखल्यात मालक कोण, गहाण आहे का, जप्ती आहे का, हे असते. कर खात्याच्या 'कादेर्नेता प्रेदियाल' या उताऱ्यात करासाठी धरलेले मूल्य आणि क्षेत्रफळ असते. एक-चौदावर नाव लागले म्हणून मालकी सिद्ध झाली असे आपण मानत नाही, त्याचप्रमाणे तिथे करवहीत नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. दोन्ही कागदांतील वर्णन आणि क्षेत्रफळ जुळते का, आणि ते प्रत्यक्ष सदनिकेशी जुळते का, हे पाहणे हेच मुख्य काम आहे, कारण बंद केलेला सज्जा किंवा पोटमाळ्यावर काढलेली खोली दलालाच्या छायाचित्रांत असते, कागदात नसते.

दलालाची ती सदनिका इथेच अडली. नोंदणीच्या दाखल्यात 'उसुफ्रुतो' अशी नोंद होती. विकणारा मालक खरा होता, परंतु त्या घरात राहण्याचा आणि त्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क त्याच्या वृद्ध आईकडे तहहयात राखलेला होता. दलालाला हे ठाऊक नव्हते की ठाऊक असून त्याने सांगितले नाही, याचा निवाडा मी करत नाही. ५,००० युरो मात्र वाचले.

भाडेकरूचीही चौकशी करावी लागते, आणि मुंडकार माहीत असलेल्या माणसाला ती चटकन कळते. घर विकल्याने भाडेकरार संपत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकेच. शिवाय दोन वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या भाडेकरूला खरेदीत पहिला हक्क असतो. २०२४ पासून वापर परवाना, म्हणजे घर वापरास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, दाखवल्याशिवायही खरेदीखत होऊ शकते. ही सवलत व्यवहार लवकर उरकावा म्हणून दिलेली आहे, ग्राहकाने परवाना मागू नये म्हणून नव्हे.

खरा धोका ज्या कागदात असतो तो म्हणजे खरेदीपूर्वीचा वचनकरार. त्यावेळी दिलेल्या इसाऱ्याला 'सिनाल' म्हणतात. ग्राहक मागे फिरला तर इसारा बुडतो, विकणारा फिरला तर त्याला तो दुप्पट परत करावा लागतो. हे तिथल्या नागरी संहितेतच आहे. म्हणून कागदांत दोष निघाल्यास इसारा परत मिळेल, अशी अट त्या करारातच लिहून घ्यावी लागते. तोंडी आश्वासनाचा काही उपयोग नाही, आणि करार पोर्तुगीज भाषेत असल्याने त्याचे भाषांतर आपल्या वकिलाकडून, सहीच्या आधी, घ्यावे.

एक प्रश्न गोवेकरांसाठी खास आहे. तिथला नोटरी खरेदीदाराला विवाहाची मालमत्ता-पद्धत कोणती, असे विचारतो. वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्याने ताई-भावोजींची मालमत्ता सामाईक आहे, आणि त्याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. पोर्तुगालने स्वतः १९६७ मध्ये नियम बदलून विवाहानंतर कमावलेली मालमत्ताच सामाईक धरली. आपण जुनेच धरून बसलो. त्यामुळे दस्तात दोघांचेही नाव हवे, आणि विकणारा विवाहित असेल तर त्याच्या जोडीदाराची संमतीही हवी. ताई प्रत्यक्ष जाऊ शकणार नव्हती, म्हणून तिचे मुखत्यारपत्र इथे करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणन, घेतले. त्यात 'कोणतेही घर, कोणत्याही किमतीला' असा मसुदा आला होता. मी तो बदलून पत्ता आणि कमाल किंमत घालायला लावली.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पती-पत्नी आपापल्या मर्यादेतील रकमा एकत्र करू शकतात, परंतु अशा खरेदीसाठी भारतातील बँक कर्ज देऊ शकत नाही. १० लाख रुपयांच्या वरील भागावर बँक २० टक्के कर आधीच गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण त्या काळापुरती रोकड अडकते. तिकडे ०.८ टक्के मुद्रांक शुल्क आणि त्याशिवाय हस्तांतर कर असतो, त्याचा दर आपल्या वकिलाकडून त्या आठवड्यात विचारून घ्यावा. नंतर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद केली नाही, तर काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. मधल्या कोणाच्या हाती रोख देऊन तिकडे युरो घेण्याचा सल्ला देणारे हितचिंतक आम्हालाही भेटले. त्यांना चहा दिला.

घर घेतले म्हणजे राहण्याचा हक्क मिळाला, हा गैरसमजही ताईच्या मनात होता. घरखरेदीवर निवासपरवाना मिळण्याचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला. साध्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, त्यामुळे तिच्या 'काही महिन्यां'चा हिशेब पुन्हा मांडावा लागला.

आता लिस्बनलगतच्याच अमादोरा येथील दुसऱ्या सदनिकेची बोलणी सुरू आहेत. तिची नोंद स्वच्छ आहे, भाडेकरू नाही, मोजमाप जुळते. तिथल्या २०२२ च्या कायद्याप्रमाणे इमारतीच्या व्यवस्थापकाकडून सामाईक खर्चाच्या थकबाकीचे निवेदन विकणाऱ्याने आणून द्यायचे असते. ग्राहकाने ते नको असे लिहून दिले, तर जुनी थकबाकी त्याच्याच गळ्यात पडते. "शेजारी सगळे भले लोक आहेत, त्या कागदासाठी थांबू नका," असे या दलालाने कळवले. भावोजींनी त्याला, मला न विचारताच, उत्तर दिले की निवेदन आल्यावर पाहू.