आम्ही लेडीजशी बोलतच नाही मॅडम

मागच्या महिन्यात चाकणला वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनिंग द्यायला गेले होते, विषय होता बायका-पुरुषांनी कामावर एकमेकांशी नीट बोलायचं कसं. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्येच बसलो, तीसेक जण, पुरुष सगळे पंख्याखाली, मुली पार भिंतीकडं आणि मधली दोन टेबलं रिकामी.

सुरुवातीलाच एक लाइन लीडर म्हणाला, मॅडम ते 2013 च्या कायद्याचं ट्रेनिंग झालं ना, तेव्हापासून आम्ही लेडीजशी बोलतच नाही, उगाच लफडं नको, आणि बाकीच्यांनी पण माना हलवल्या. मला खरंच वाईट वाटलं. तो कायदा लैंगिक छळाविरुद्ध आहे, 10 किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती नेमावी लागते, तिची अध्यक्ष बाईच असते, पण कामाचं बोलू नका असं त्यात कुठं लिहिलंय? नुसती भीती घालून शिकवलं की हे असं होतं, आणि त्याचा फटका बसतो मुलींनाच.

मग क्रिम्पिंगवरची, म्हणजे वायरच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवणारी एक मुलगी उठली, आवाज कापत होता तिचा. म्हणाली, परवा टर्मिनल हातानं ओढलं तर वायर निसटून आली, मी ह्याच सरांना सांगितलं "सर, जरा लूज येतंय वाटतं", सर मोबाइलमधून वर न बघता "हां हां" म्हणाले. दोन तासांनी पुल टेस्टला, म्हणजे वायर ओढून जोड तपासतात तिथं, अख्खा लॉट फेल, रात्रीपर्यंत रिवर्क.

लाइन लीडर लगेच म्हणाला, वाटतं म्हणाली ना, स्पष्ट सांगायचं होतं. ती म्हणाली, स्पष्ट सांगितलं होतं की दिवाळीच्या आधी, तेव्हा तुम्हीच म्हणालात लई शहाणी झालीस.

कॅन्टीनमध्ये चिडीचूप. पोहे उचलणाऱ्या मावशीसुद्धा थांबल्या.

मी पुढचं प्रेझेंटेशन बंदच केलं. दोघांना मधल्या टेबलावर समोरासमोर बसवलं आणि जागा बदलून तेच परत बोलायला लावलं, तो ती झाला, ती लीडर. तिनं मान खाली घालून नुसतं "हां हां" केलं आणि हा बोलता बोलता थांबला, म्हणाला, मॅडम, पुढं बोलावंसंच वाटत नाही.

मग त्या दोघांनीच ठरवलं, तिनं मशीन नंबर, काय दिसलं आणि कधीपासून एवढं सांगायचं, "वाटतं" लावायचं नाही, आणि त्यानं तिच्याकडं बघून तेच परत म्हणून दाखवायचं. निघताना तो तिला म्हणाला, ताई, उद्या सकाळी पहिले पाच पीस आपण दोघं मिळून ओढून बघू.