एकाच नावाचे तीन फिल्टर

नवतपातला सोमवार. बुटीबोरीतल्या एका फरसाण कारखान्याच्या पॅकिंग हॉलमधून सकाळी पावणेआठला आमच्या मेंटेनन्सच्या ग्रुपवर मेसेज आला : 'मशीन ३ प्रॉब्लेम'. एवढाच. इलेक्ट्रिशियनने सेन्सर पुसला, सीलिंग जॉच्या, म्हणजे पाऊच चिकटवणाऱ्या जबड्याच्या, हीटरचं तापमान पाहिलं, सगळं ठीक म्हणून परतला. तेवढ्यात मशीन ५ थांबलं, मग २.

खरी खूण ऑपरेटरकडे होती. "भाऊ, सहाही चालू झाल्या की हवा पुरून नाही राहिली. चार चालवल्या तर काही होत नाही." हेच वाक्य मेसेजमध्ये असतं तर पाऊण तास वाचला असता. सगळ्या मशीन एकदम चालवल्यावरच बंद पडत असतील, तर दोष मशीनमध्ये नसतो, कंप्रेसरची दाबाची हवा मशीनपर्यंत आणणाऱ्या लाइनमध्ये असतो.

मशीनच्या एफआरएलवर (मशीनच्या तोंडाशी हवा गाळून दाब ठरवणारा संच) काटा ४.९ बारला. ५ बारखाली प्रेशर स्विच मशीन थांबवतो. हेडरवर, म्हणजे सगळ्या मशीनना हवा देणाऱ्या मुख्य पाइपवर, ५.४. आणि कंप्रेसरच्या पॅनेलवर ७.६! आमचं सेटिंग ७ चं. रात्रपाळीत प्रॉडक्शनने हवा कमी असल्याचं सांगितलं, फिटरने सेटिंग वाढवलं, आणि लॉगबुकात एक ओळही लिहिली नाही. १ बार दाब वाढवला की वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त लागते आणि कंप्रेसर आणखी तापतो. साडेनऊलाच डिस्चार्ज तापमान १०२ अंश होतं. ११० ला तो ट्रिप होतो. दुपारच्या उन्हात तो बसणारच होता, आणि मग सहाच्या सहा मशीन थांबल्या असत्या.

मधले २.२ बार गेले कुठे? हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरनंतरच्या लाइन फिल्टरवर डीपी गेज असतो; तो फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवतो. एलिमेंट, म्हणजे फिल्टरमधली गाळणी, नवीन असताना काटा ०.२ बारच्या आसपास, ०.५ पुढे गेला की एलिमेंट बदलायचं. इथे काटा लाल पट्ट्याच्या टोकाला टेकला होता. रोजच्या लॉगशीटमध्ये दाब, तापमान, तेलाची पातळी, तास असे सगळे रकाने होते. डीपीचा नव्हता, म्हणून त्या काट्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते स्टोअर्समध्ये गेल्यावर. या एलिमेंटची मागणी आम्ही तीन आठवड्यांपूर्वीच दिली होती. इंडेंटवर शब्द होते : 'एअर फिल्टर, १ नग'. स्टोअर्समध्ये एअर फिल्टर म्हणजे कंप्रेसरचा सक्शन फिल्टर, आत ओढली जाणारी हवा गाळणारा. त्याचे चार नग शिल्लक, म्हणून 'स्टॉक आहे' असा शेरा मारून इंडेंट बंद. प्रॉडक्शनच्या लेखी एअर फिल्टर म्हणजे एफआरएलची वाटी. एकाच नावाच्या तीन वस्तू, आणि तिन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर.

एलिमेंट आणायला गाडी शहरात पाठवली. तोवर एलिमेंट काढून हाऊसिंग रिकामंच चालवा, असा आग्रह झाला. डिस्पॅचचा ट्रक दारात उभा होता. क्वालिटीने ठाम नकार दिला आणि तो योग्यच होता. ही हवा पाऊचमध्ये फरसाणापर्यंत पोचते; एलिमेंट नसेल तर कंप्रेसरचं तेलही पोचतं. मग प्रॉडक्शनशी बोलून चार मशीनवर काम चालू ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीतली २५ मिनिटं मागून घेतली. फिल्टरला बायपास नव्हता, म्हणजे पूर्ण लाइन बंद. कंप्रेसर थांबवून मेनला कुलूप आणि टॅग, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, ड्रेनमधून दाब शून्यावर, मगच बाऊल खोलला. जुनं एलिमेंट तेलाने काळं, चिकट. नवीन बसवताना ओ-रिंगही बदलली आणि ऑटो ड्रेन साफ केला. सेटिंग परत ७ वर आणलं. सहाही मशीन चालू असताना हेडर ६.६, डीपी ०.२.

त्याच संध्याकाळी तिन्ही फिल्टरवर पत्र्याचे टॅग लागले : 'सक्शन', 'लाइन, ड्रायरनंतर', 'एफआरएल', आणि खाली पार्ट नंबर. इंडेंटवर आता तेच शब्द लिहायचे; पार्ट नंबर नसेल तर स्टोअर्सने इंडेंट बंद न करता फोन करायचा. लॉगशीटमध्ये डीपीचा रकाना आला. सेटिंगला हात लावला तर वेळ, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण लिहायचं, आणि पाळी बदलताना दोन्ही फिटरनी पॅनेलसमोर उभं राहून ते वाचायचं.

मेसेजसाठी प्रॉडक्शनशी चारच गोष्टी ठरल्या : कोणतं मशीन, काय होत नाही, कधीपासून, एफआरएलचा आकडा. गुरुवारी मेसेज आला : 'मशीन ४, जॉ उघडून नाही राहिला, ९.१० पासून, एफआरएल ६.१'. हवा पुरेशी होती. इलेक्ट्रिशियन जातानाच जॉची हवा चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची कॉइल सोबत घेऊन गेला.